माननीय खिडकीस अनावृत पत्र

प्रति,
माननीय खिडकी,
दप्तर विभाग, काउंटी कोर्टहाउस,
अमेरिकेची संयुक्त संस्थाने

विषय: सार्वजनिक कागदपत्रे जनतेपासून सुखरूप ठेवल्याबद्दल अभिनंदन

माननीय खिडकी,

अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि बहुतेक प्रत्येकीच्या मुख्य गावी आपण काचेआड विराजमान आहात. घटस्फोट, मृत्युपत्र, घरमालक-भाडेकरूंचा तंटा, वाहतुकीचा दंड, खून: या देशातली बहुतांश भांडणे वॉशिंग्टनपर्यंत पोचत नाहीत, आपल्या मागच्या कपाटांतच विसावतात. ही कपाटे सर्वांना खुली आहेत. वॉटरगेटच्या ध्वनिफितींवरून लढल्या गेलेल्या ‘निक्सन विरुद्ध वॉर्नर कम्युनिकेशन्स’ या खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की न्यायालयाचे कागद पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा सर्वसाधारण हक्क जनतेला आहे. त्याच निकालात ध्वनिफितींच्या नकला द्यायला मात्र नकार दिला. हा निकाल आपल्याला तोंडपाठ असणार, निदान त्याचा उत्तरार्ध तरी.

आपल्यासमोर उभ्या राहणाऱ्या अर्जदाराची पहिली चूक म्हणजे तो माहितीच्या कायद्याचा दाखला देतो. 1966 चा फेडरल माहिती स्वातंत्र्याचा कायदा सरकारी खात्यांना लागू होतो, न्यायालयांना नाही. राज्याच्या न्यायालयांना तर तो दुहेरी लागू होत नाही, कारण तो केंद्राचा. अर्जदार हे ऐकतो, कागदाची घडी करून खिशात घालतो आणि केस नंबर नसल्याचे कबूल करतो. मग आपण त्याला नाव विचारता. क्षीरसागर हे आडनाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिता येते, वडिलांचे नाव मधले नाव म्हणून नोंदले की आडनाव म्हणून, हे त्या कारकुनालाच ठाऊक, ज्याने कधी काळी दावा दाखल करून घेतला. सूचीत वादी-प्रतिवादी नावांनी लावलेले असतात. सूचीला क्षीरसागर माहीत नसतील, तर त्यांचा घटस्फोट झालेलाच नाही.

समजा, नाव सापडले. पुढचा प्रश्न खिडकी कोणती. टेक्ससच्या बहुतेक काउंट्यांत काउंटी क्लार्क आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क असे दोन अधिकारी आहेत, दोघेही मतदानाने निवडून येतात आणि दोघांची दप्तरे निराळी. पेन्सिल्व्हेनियात दिवाणी कागद प्रोथोनोटरीकडे, फौजदारी कागद क्लार्क ऑफ कोर्ट्सकडे, मृत्युपत्रे रजिस्टर ऑफ विल्सकडे. (मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वावरलेल्या वकिलाला प्रोथोनोटरी भेटल्यावर माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटेल, इतरांना औषधाचे नाव वाटते.) न्यूयॉर्कमध्ये तर ‘सुप्रीम कोर्ट’ हे खालचे, दावे चालवणारे न्यायालय आहे, त्याचे कागद काउंटी क्लार्ककडे असतात आणि मृत्युपत्रांसाठी सरोगेट कोर्टाची पायरी चढावी लागते. या रचनेबद्दल आपल्याला दोष देता येत नाही. ती आपल्या जन्माआधीची आहे. मात्र चुकीच्या खिडकीशी आलेल्याला योग्य खिडकी कोणती हे न सांगण्याची प्रथा कोणी सुरू केली, याचा शोध एखाद्या इतिहासकाराने घ्यायला हरकत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे इंटरनेटवर का नाही? फेडरल न्यायालयांपुरते आहे. पेसर नावाच्या त्या व्यवस्थेत पानाला 10 सेंट पडतात, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त 3 डॉलर, आणि शोधून काहीच सापडले नाही तरी ‘काही सापडले नाही’ या एका पानाचे पैसे लागतात. तीन महिन्यांत 30 डॉलरपर्यंतचे बिल माफ असते. जमा झालेल्या पैशांतून न्यायालयांनी सुनावणीच्या दालनांत पडदे आणि ध्वनियंत्रणाही बसवल्या. त्यावरून दावा झाला आणि 2024 मध्ये साडेबारा कोटी डॉलरच्या तडजोडीला मंजुरी मिळाली. दोष द्यायचा, तर निदान हिशोब तरी मांडता येतो. काउंट्यांचे मात्र तीन हजार संसार. एकीकडे सगळे पडद्यावर दिसते, शेजारणीकडे फक्त सुनावणीची तारीख दिसते, तिसरीकडे तळघरात मायक्रोफिल्म आणि ते पाहायचे एकुलते एक यंत्र.

कॅलिफोर्नियाने तर आपली महती नियमात लिहून ठेवली आहे. तिथल्या न्यायालयीन नियम 2.503 प्रमाणे साध्या दिवाणी दाव्याचे इलेक्ट्रॉनिक कागद घरबसल्या पाहता येतात, पण कौटुंबिक, फौजदारी, पालकत्वाच्या आणि मानसिक आरोग्याच्या प्रकरणांतले जे कागद जनतेला खुले आहेत, तेही कोर्टाच्या इमारतीतल्या संगणकावरच पाहायचे. कागद तोच, संगणकही तसाच. मधले अंतर तेवढे कायद्याने राखलेले.

या अंतरामागे विचार आहे, आणि तो टाकाऊ नाही. 1989 साली पत्रकारांच्या एका संघटनेने एका माणसाची एफबीआयकडची गुन्ह्यांची कुंडली मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे म्हणणे असे, की गावोगावच्या न्यायालयांत, काउंटीच्या दप्तरखान्यांत आणि पोलीस ठाण्यांत विखुरलेले कागद चिकाटीने धुंडाळणे वेगळे आणि एका यंत्राने ते सगळे एका पानावर गोळा करून देणे वेगळे. विखुरलेपण हाच माणसाचा आडोसा. म्हणजे, माननीय खिडकी, आपली दुपारची सुट्टी, आपले ‘आज सर्व्हर बंद आहे’ आणि तळघराचा ओलसर जिना यांना गोपनीयतेचे रक्षक म्हणून देशाच्या सर्वोच्च पीठाची पावती आहे.

अडचण एवढीच, की या आडोशाची ठेच लागते ती पायी आलेल्याला. पार्श्वभूमी तपासून देणाऱ्या कंपन्या एकेका कागदासाठी आपल्यासमोर उभ्या राहत नाहीत. त्या नोंदी घाऊक गोळा करतात. एखाद्या भाडेकरूवर घर सोडण्याचा दावा झाला आणि पुढे तो फेटाळला गेला, तरी नव्या घरमालकाला त्याची खबर अशा कंपनीकडून मिनिटात मिळते. ‘दावा फेटाळला’ असा शिक्का असलेला कागद मिळवायला मात्र त्या भाडेकरूने रजा टाकून आपल्यापुढे उभे राहायचे. आडोसा कोणासाठी होता आणि कोणाच्या वाट्याला आला, हे आपल्याला काचेतून दिसत असेलच.

दिरंगाईला काही मर्यादा आहे का, हा प्रश्नही एकदा निकाली निघाला. कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा काउंटीत नवीन दाखल झालेले दावे आधी कारकुनी सोपस्कार पूर्ण होईपर्यंत बातमीदारांना दाखवत नसत. कागद कित्येक दिवस दिसत नसत. कोर्टहाउस न्यूज सर्व्हिस या वृत्तसंस्थेने 2011 मध्ये दावा लावला. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितले, की दावा दाखल होताच तो पाहण्याचा हक्क सुरू होतो, तुमचे शिक्के मारून होईपर्यंत तो थांबत नाही. ताज्या बातमीचा हक्क ताजा आहे हे ठरायला आठ वर्षांहून अधिक काळ लागला. विलंबाविरुद्धच्या दाव्याने आपल्या विषयाशी इमान राखले, एवढे मान्य करावे लागेल.

शिकागोची आठवण आपल्यासमोर काढू नये, पण ती काढावीच लागते. ऑक्टोबर 1871 च्या आगीत कुक काउंटीचे कोर्टहाउस जळाले आणि जमिनींच्या मालकीचे सगळे दप्तर गेले. कोणाचा प्लॉट कोणाचा, याला सरकारी पुरावा उरला नाही. उरली ती काही खासगी पेढ्यांची टिपणे. या पेढ्यांचे कारकून वर्षानुवर्षे दप्तरातून मालकीहक्काचे गोषवारे उतरवून घेत आणि ते लोकांना विकत. आगीतून पेढ्यांनी ती बाडे वाचवली. 1872 मध्ये इलिनॉयने कायदा करून जळालेल्या दप्तराच्या जागी असे गोषवारे पुरावा म्हणून चालतील अशी सोय केली. रांगेत उभे राहून सतत नकला मागणाऱ्या त्या कटकट्या लोकांमुळे एका शहराची मालमत्ता वाचली. पुढच्या वेळी कोणी दुसरी प्रत मागितली, तर ‘दोन कशाला?’ असे विचारण्याआधी हे ध्यानात असावे.

दोन प्रती का लागतात, याचे एक कारण भारतातही आहे. मिसुरीतल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टाने एका भारतीय जोडप्याला दिलेला घटस्फोट 1991 साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. विवाह हिंदू कायद्याखाली झालेला होता, त्यामुळे अधिकारक्षेत्र आणि घटस्फोटाचे कारण या दोन्ही कसोट्यांवर तो निकाल टिकला नाही. कागदाची गंमत मात्र निराळीच होती. नकलेवर तिथल्या डेप्युटी क्लार्कची सही होती, म्हणजे आपण आपले काम चोख केले होते. तरीही ती पुराव्यात चालली नाही, कारण त्यावर भारत सरकारच्या अमेरिकेतल्या प्रतिनिधीचे आणखी एक प्रमाणपत्र हवे होते. 2005 पासून भारत अपोस्टील (परदेशी कागदाला मान्यता देणारे प्रमाणपत्र) करारात आहे, म्हणून आता पुण्या-नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात कागद दाखवायचा असेल, तर लोक एक प्रत त्यासाठी राखून तिच्यावरच्या आपल्या शिक्क्यावर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचे अपोस्टील लावून आणतात.

तरी कॅलिफोर्नियातल्या एका अर्जदाराची विनंती अशी: चोवीस पानांच्या निकालाच्या दोन प्रती, पानाला 50 सेंटप्रमाणे 24 डॉलर, प्रत्येक प्रत प्रमाणित करण्याचे 40 डॉलर, म्हणजे 80, फाईल शोधायला दहा मिनिटांहून जास्त लागली तर आणखी 15. अर्जदाराने केस नंबर अर्जावर लिहिला आहे, आडनावाच्या तीन तऱ्हा कंसात दिल्या आहेत. शोध दहा मिनिटांत संपवावा, ही विनंती. टपाल हशील लावलेले पाकीट सोबत जोडले आहे.

कळावे,

आपले नम्र,
रांगेतील समस्त जन