पेढे गेले, थेंबही गेले

माइन्झ, रविवार दुपार

ती. आईस सा. न.

लेकरू आत्ताच झोपलंय. रविवारी वॉशिंग मशीन लावली की खालची म्हातारी वर येते, म्हणून हात रिकामे आहेत. ते आहेत तोवर कालच्या फोनचं उत्तर लिहिते. फोनवर तू एक विचारत होतीस आणि मागून आत्या, "पार्सल पोचलं का गं?"

पोचलं. कस्टममध्ये पोचलं! युरोपीय संघाबाहेरून टपालाने दुधाचे पदार्थ यायला बंदी आणि औषधांनाही. हातमोजे घातलेल्या बाईने कुंथलगिरीच्या पेढ्यांचा डबा उघडला, वास घेतला, चार ओळी लिहिल्या. मी म्हटलं, बाई, आमच्या धाराशिवच्या या खव्याला जीआय मानांकन मिळालंय. ती म्हणाली, छान. आणि डबा टोपलीत, मागोमाग थेंबांची बाटलीही. शेंगांची चटणी तेवढी सुटली, तिला ती माती वाटली असणार.

पेढ्यांसाठी मी रडले. आत्याने लेकराच्या पोटदुखीसाठी पाठवलेल्या थेंबांसाठी नाही. आत्याला आधी चहा दे, मग हे वाचून दाखव. त्या बाटलीत डायसायक्लोमाइन असतं. आतड्याची कळ सैल करतं खरं, पण सहा महिन्यांच्या आतल्या लेकराचा श्वास अडकू शकतो, झटके येऊ शकतात, शुद्ध जाऊ शकते. 1980 च्या दशकात अशी लेकरं दगावता दगावता राहिली, काही गेलीही, म्हणून तान्ह्यांना ते द्यायचं नाही असं ठरलं. आत्या म्हणेल, आपल्या बाप्याला लहानपणी दिलं होतं, झाला ना पैलवान? बाप्या पैलवान झाला तो शेळीच्या दुधावर, थेंबांवर नाही.

आणि अण्णांना सांग, इथून जवळच इंगेलहाइम आहे. पोटाच्या कळीवरचं बुस्कोपान आधी तिथल्याच कंपनीचं होतं. ते ज्या स्कोपोलामाइनपासून करतात ते आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असतं. डायसायक्लोमाइन कारखान्यातलं, पण काम त्याच जातीचं. जास्त झालं तर तोंड कोरडं, चेहरा लालबुंद, लघवी तुंबलेली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. धोतऱ्याला नुसता हात लावला म्हणून अण्णांनी माझ्या पाठीत धपाटा घातला होता. तेच अण्णा काल म्हणाले, "पाच थेंबांनी काय होतंय?"

इथल्या डॉक्टरीणबाईंनी काय लिहून दिलं विचारशील. काहीच नाही. लेकरू दूध पितंय, वजन वाढतंय, मग काळजी नको; हे कळीचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास जोरात असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होतं म्हणे. ढेकर काढा, उभं धरा, फिरवा. फिरवतोय. यांच्या चपला झिजल्या. तिकडे मेडिकलवाला "पोट दुखतंय" म्हटलं की बाटली काढतो. इथे रविवारी औषधाच्या दुकानाची बेल वाजवली, तर औषधाच्या किमतीवर अडीच युरो वेगळे. अडीचशे रुपये गं! परवा तापाच्या औषधासाठी ते मोजून आल्यावर हे जेवलेच नाहीत.

रात्री दोनला लेकरू रडायला लागतं तेव्हा तिकडे तू सडा टाकत असतेस. मला थेंब नको असतात तेव्हा, तूच हवी असतेस.

वहिनीचं लेकरू दोन महिन्यांचं आहे. त्या थेंबांची उरलेली बाटली तुझ्या कपाटात, देवाच्या तेलाशेजारी असेल. आजच फेक. आणखी एक, येरमाळ्याच्या यात्रेनंतर पिंट्याला जुलाब लागले तेव्हा पोटदुखीची गोळी दिलीत म्हणे. जुलाबाला ओआरएस पाजायचं आणि 14 दिवस झिंक, ते डॉक्टर सांगतील. आणि हिरवी उलटी, शीमध्ये रक्त किंवा पोट दगडासारखं लागलं, तर गोळी देऊन वाट बघू नका, सरळ सिव्हिलला न्या. गोळी दुखणं झाकते आणि आतलं वाढत राहतं.

सोयाबीन विकलं का? अण्णा भावासाठी थांबलेत म्हणजे यंदाही सोयाबीन पावसाळा घरातच काढणार.

आत्याला म्हणावं, पुढच्या वेळी कडक भाकरी पाठव, तिला कुणी हात लावत नाही. आणि बाप्याची सोयरीक भूमची की परंड्याची? काल नेमका तिथेच फोन तुटला. मुलीचं शिक्षण, आणि तिच्या मामाने कुणाच्या लग्नात काय गोंधळ घातला होता, ते सगळं सविस्तर कळव.

तुझी,
बेबी