स्वतंत्रराव

आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं. पंधरा एकाच जिन्याने ये-जा करतात, सोळावं थेट गल्लीतून. हे सोळावं बिऱ्हाड म्हणजे स्वतंत्रराव. त्यांचं खरं नाव शेअर सर्टिफिकेटवर आहे, पण ते सेक्रेटरीलाही फाइल उघडूनच सांगावं लागतं.

तळमजल्यावरची कोपऱ्यातली वन बीएचके. कार्पेट ३४० चौरस फूट. दाराबाहेर दोन पायऱ्या आणि शहाबादी फरशीचा हातभर ओटा. घराची किंमत काढायची वेळ आली की ओटा घरात धरायचा, आणि महापालिकेचा माणूस गल्लीत दिसला की ओटा गल्लीचा. ‘कुठे राहता?’ असं कुणी विचारलं तर स्वतंत्रराव आधी ‘आपली सेपरेट एन्ट्री आहे’ असं सांगतात, आणि पुढे आठवलंच तर डिलाईल रोड म्हणतात.

गिरणगावात हल्ली गल्लीआड असा एक गृहस्थ भेटतो. कुणाच्या घराला कोपऱ्याची खिडकी असते, कुणाच्या घराला गच्ची लागून असते, कुणाच्या मोरीत उभं राहिलं तर समुद्राची एक चिंधी दिसते. घर तेच, माणूसही तोच. पण भोवती टॉवर उगवले आणि एका सकाळी दलालाने त्याला त्याच्याच घराचं वैशिष्ट्य समजावून सांगितलं. तेव्हापासून तो माणूस पूर्वीचा राहिला नाही.

स्वतंत्ररावांच्या दाराची खरी हकीकत अशी. इमारत बांधणाऱ्याने तो गाळा किराणा दुकानासाठी काढला होता. दुकानदार काही मिळेना, तेव्हा मध्ये भिंत घालून त्याचं घर केलं. स्वतंत्ररावांचे वडील गिरणीत साचेवाले. वरच्या खोल्या परवडल्या नाहीत म्हणून त्यांनी ही घेतली. नातेवाईक या घराला ‘रस्त्यावरचं घर’ म्हणायचे, आणि मुलगी द्यायची वेळ आली तेव्हा तर जरा जोरातच म्हणायचे. पावसाळ्यात गटाराचं पाणी उंबरा ओलांडायचं. आई दारावर जुन्या लुगड्याचा पडदा लावून दिवसभर आत लाजत बसायची.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वडील साच्यावर परत गेले नाहीत, गिरणीही परत सुरू झाली नाही. भोंगे बंद पडले. फिनिक्स मिलचा मॉल झाला, तिची चिमणी तेवढी उभी राहिली. कमला, मथुरादास, तोडी, रघुवंशी ही नावं राहिली, पण त्यांच्या फाटकातून आता डबेवाल्या बायांऐवजी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं आत जातात. श्रीनिवास मिलच्या जागी तर असले टॉवर आले, की वरचा मजला बघायचा तर टोपी पडते. दलाल लोअर परळला ‘अपर वरळी’ म्हणू लागले. परळच्या खालचे आम्ही बसल्या जागी वरळीच्या वर गेलो, आणि ‘रस्त्यावरच्या घरा’ची ‘प्रायव्हेट एन्ट्रन्स’ झाली. उंबऱ्यावरून पाणी मात्र अजून येतं.

दार जवळून बघण्यासारखं आहे. सागवानी, दोन फळ्यांचं. डाव्या फळीने इतक्या पावसाळ्यांचं पाणी प्यायलंय, की ती उचलून, गुडघ्याने रेटूनच बंद करावी लागते. आतून दोन कड्या, एक अडसर आणि गोदरेजचं कुलूप. चोर सुरक्षा बघून नाही, पण वेळ किती जाईल याचा विचार करून परत फिरेल. दलाल भेटून गेल्यावर स्वतंत्ररावांनी दाराला बाहेरचा माणूस दिसावा म्हणून भिंगही बसवून घेतलं. पण दार सकाळी सहाला उघडतं ते रात्री साडेदहाला लागतं, त्यामुळे ते भिंग दिवसभर आतल्या भिंतीवरच्या कालनिर्णयकडे टक लावून असतं.

स्वतंत्रराव बेस्टमधून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले. बस सुटली, तपासणी सुटली नाही. ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचं आणि जाणाऱ्या प्रत्येकाला ‘कुठे जायचंय?’ हे विचारायचं. एखादा कॉर्पोरेट मुलगा मोबाइलच्या नकाशात हरवून आमच्या गल्लीत शिरला की ते त्याला रस्ता सांगतात. ‘सरळ जा, जिथे खानावळ होती तिथून डावीकडे, मग कोळशाची वखार होती ना, तिच्यासमोर.’ मुलगा खानावळ शोधत फिरतो. ती बंद पडली तेव्हा त्याचे आईवडील शाळेत असतील.

स्वतंत्र दाराचं एक इंगित मला त्यांच्या डोक्यावर, म्हणजे बरोब्बर वरच्या मजल्यावर राहून कळलं. जिन्यावरून येणाऱ्याला वॉचमन अडवतो. स्वतंत्र दाराने येणाऱ्याला कुणीच अडवत नाही. त्यामुळे आख्ख्या इमारतीची पार्सलं त्यांच्याकडे, मंडळाच्या गणपतीची वर्गणी पहिली त्यांच्याकडे, पत्ता चुकलेली बिर्याणी त्यांच्याकडे, आणि क्रिकेटचा चेंडूही त्यांच्याच स्वयंपाकघरात. जुलै २०१८ मध्ये डिलाईल रोडचा पूल बंद झाला, तो पुरता उघडायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. त्या पाच वर्षांत स्टेशनची निम्मी गर्दी आपल्याच दारावरून गेली, असं स्वतंत्ररावांचं म्हणणं आहे. ‘प्रायव्हसी राहिली नाही हो,’ असं ते सांगतात, तेव्हा खुर्ची ओट्यावरून गल्लीत आणखी दोन फूट पुढे सरकलेली असते.

वहिनींचं मत मी एकदा पार्सल आणायला गेलो तेव्हा ऐकलं. ‘दार यांचं स्वतंत्र,’ त्या म्हणाल्या, ‘झाडलोट माझी.’

सोसायटीशी त्यांचं भांडण लिफ्टचं. सगळ्यांचे गुडघे एकदमच कुरकुरू लागल्यावर आम्ही लिफ्ट बसवली. स्वतंत्ररावांनी पत्र दिलं, की ज्याला जिनासुद्धा लागत नाही त्याने लिफ्टचे पैसे का द्यावेत? प्रश्न बिनतोड होता. पण आदर्श उपविधी म्हणतात, लिफ्ट वापरा न वापरा, तिचा खर्च सगळ्या सभासदांत सारखा. तेव्हापासून ते पैसे मोबाइलवरून पाठवतात आणि शेऱ्याच्या जागी ‘निषेध’ असं लिहितात. खजिनदाराच्या पासबुकात वर्षाला बारा निषेध जमा होतात. वार्षिक सभा गच्चीवर असते. तिथेही स्वतंत्रराव जिन्याने येतात, प्रत्येक मजल्यावर थांबून दम घेत. कोरम अडला की आम्ही जिन्यात कान लावतो.

मधे एक कॉफीवाला आला होता. त्याला दार, ओटा आणि ‘जुना फील’ असं तिन्ही हवं होतं. भाडं त्याने असं सांगितलं, की वहिनी आतून बाहेर आल्या. स्वतंत्ररावांनी फक्त कॉफी केवढ्याला विकणार ते विचारलं. ‘तीनशे वीस.’ त्यावर त्यांनी त्याला घरातलाच चहा पाजला, पाण्याचा पेलाही दिला आणि ओट्यापर्यंत पोचवायला गेले. ओटा पुढेच होता, तेव्हा पोचवणं लगेच संपलं. ‘उद्या मी बसायचं कुठे?’ एवढंच नंतर मला म्हणाले. मुलगा बदलापूरला असतो. तो महिनाभर फोनवर बोलला नाही.

आता इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. आर्किटेक्टने गच्चीवर पडदा लावून चित्रं दाखवली. खाली लॉबी, वर पाच मजले नुसत्या गाड्या, आणि त्याच्या वर माणसं. स्वतंत्ररावांचं घर बाविसाव्या मजल्यावर. जागा आताच्यापेक्षा मोठी, संडास दोन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतंत्रराव उठले आणि त्यांनी विचारलं, ‘माझं दार कुठंय?’

पोरगा गोड होता. म्हणाला, ‘काका, प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र दार असतंच.’

‘ते कुठे उघडतं?’

‘लॉबीत.’

‘आणि लॉबीत कोण असतं?’

‘कोणीच नाही, काका. फुल प्रायव्हसी.’

स्वतंत्रराव खाली बसले ते सभा संपेपर्यंत बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कमिटीकडे पत्र आलं. तीन अटी: तळमजलाच हवा, दार गल्लीतच हवं, आणि ओटा कार्पेटमध्ये मोजावा. त्याशिवाय सही नाही. पत्राची पोच मागायला ते स्वतः आले, जिन्याने.

वहिनींनी मला वेगळं गाठून एवढंच विचारलं, की बाविसाव्या मजल्यावर पार्सल घ्यायला खाली वॉचमन असतो ना, आणि तिथे गटाराचं पाणी येत नाही ना. ‘असतो’ आणि ‘येत नाही’ म्हटल्यावर त्या बराच वेळ दाराच्या सुजलेल्या फळीकडे बघत होत्या.

स्वतंत्ररावांची सही अजून झालेली नाही. कमिटीतला कुणी ना कुणी रोज संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसतो, चहा पितो, त्यांची मनधरणी करतो आणि ते रोज ‘बघू’ म्हणतात. राज्य सरकारच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. आमच्याकडे सोळापैकी पंधरा सह्या आहेत. हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.