माघारलक्षण, अर्थात मध्यम मोटरसायकलीची शास्त्रशुद्ध व्याख्या

मध्यम आकाराची मोटरसायकल कोणती, या प्रश्नावर आजवर जेवढे लिखाण झाले ते सगळे विकणाऱ्यांच्या बाजूने झाले. घेणाऱ्याच्या बाजूने या विषयाचे शास्त्र कोणी मांडलेले नाही. ती उणीव भरून काढणे हा या निबंधाचा हेतू. अभ्यासक्षेत्र म्हणून हुबळी-धारवाड निवडले, त्याला कारण आहे. ही दोन गावे १९६२मध्ये एका महानगरपालिकेत आली आणि मनाने एक दिवसही एक झाली नाहीत. गाड्यांचे पासिंगसुद्धा वेगळे: धारवाडची केए २५, हुबळीची केए ६३. हुबळीत गाडी लावायला जागा नाही. धारवाडात जागा आहे, पण ती चढावर. मधे वीस किलोमीटर. या द्वैताद्वैतात जी गाडी टिकेल ती कुठेही टिकेल.

प्रथम पूर्वपक्ष. गाडी हवीच कशाला? २०१८पासून दोन गावांच्या मधून चिगरी धावते. वातानुकूलित बस, तिची स्वतंत्र मार्गिका, तिकीट किरकोळ. त्या मार्गिकेत मोटरसायकलवाल्याने शिरायचे नाही, शिरला तर दंड. यावर उत्तरपक्ष असा की चिगरी माणसाला हुबळीहून धारवाडला पोहोचवते, पण तो कशावर बसून आला हे पाव्हण्यांना दिसत नाही. आक्षेप निकालात निघाला.

आता लक्षण. नैयायिकांच्या मते व्याख्येला तीन दोष संभवतात. नको ते आत घेणे ही अतिव्याप्ती, हवे ते बाहेर राहणे ही अव्याप्ती आणि कशालाच लागू न पडणे हा असंभव. प्रचलित व्याख्या या कसोटीवर घासून पाहू.

पहिली व्याख्या रॉयल एनफिल्डची: २५० ते ७५० सीसी म्हणजे मध्यम. ती मानली तर ३४९ सीसीची क्लासिक मध्यम आणि २४१ किलोंची सुपर मिटिऑर ६५०ही मध्यमच. २४१ किलोंची वस्तू धारवाडात एकदा चढावर अडकली की तिला मध्यम म्हणायला मालकाशिवाय कोणी तयार होत नाही. अतिव्याप्ती.

दुसरी व्याख्या सरकारी. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. बावीस टक्क्यांची ही दरी इंजिनाच्या एका आकड्यावर उभी आहे. क्लासिकचे इंजिन नेमके ३४९.३४ सीसीचे, होंडा सीबी ३५०चे ३४८.३६. दोन्ही रेषेच्या अलीकडे, उंबऱ्याला पाय न लावता उभ्या. सरकारच्या लेखी ३९८ सीसीची ट्रायम्फ स्पीड ४०० मोठी आणि क्लासिक लहान. पण वजनकाट्यावर स्पीड ४०० भरते १७६ किलो आणि क्लासिक १९५. म्हणजे जी लहान ती जड आणि जी मोठी ती हलकी. शिवाय १८ टक्क्यांच्या त्याच खान्यात स्प्लेंडरही बसते. ही व्याख्या वसुलीसाठी उत्तम आहे, शास्त्राला उपयोगाची नाही.

तिसरी युरोपीय. तिकडे परवान्याचाच एक मधला वर्ग आहे, ए-२, आणि त्याची मर्यादा ३५ किलोवॅट. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलीचा परवाना एकच. स्प्लेंडरवर परीक्षा देऊन पास झालेला माणूस दुसऱ्या दिवशी १८०० सीसी चालवायला कायद्याने मोकळा. तेव्हा ही व्याख्या इथे वाहतूक पोलिसालाही पटवता येणार नाही.

चौथी व्याख्या घरगुती. मालमड्डीतले एक मामा ती ठासून सांगतात: ‘‘बुलेटपेक्षा लहान, स्प्लेंडरपेक्षा मोठी.’’ ऐकायला सुरेख. पण हंटर ३५०, क्लासिक ३५० आणि २०२३नंतरची बुलेट ३५० या तिघींत इंजिन एकाच घराण्याचे, तेच ३४९ सीसी. मग हंटर बुलेटपेक्षा लहान म्हणजे इंजिन स्वतःपेक्षाच लहान. असंभव. मामांना हे दाखवून दिले तेव्हा त्यांनी चहा मागवला. शास्त्रार्थात याला निग्रहस्थान म्हणतात.

आता सिद्धान्त. मोटरसायकल पुढे कशी जाते यावर कंपन्यांनी हजारो पाने छापली: अमुक पीएस, तमुक न्यूटन-मीटर. ती मागे कशी जाते यावर एक ओळ नाही. याचे कारण उघड आहे. पुढे नेण्याची जबाबदारी कंपनीची, मागे नेण्याची मालकाची. चारचाकीला रिव्हर्स गिअर असतो, रिक्षालाही असतो, मोटरसायकलीला नसतो. होंडाच्या गोल्ड विंगला आहे. १८३३ सीसीचे ते धूड माणसाच्या पायांनी मागे सरकणार नाही, हे कंपनीने तिथे स्वतःच मान्य केले आहे. म्हणून आमची व्याख्या अशी: इंजिन बंद असताना जी एकट्या चालकाला मागे काढता येते, पण काढताना पाहून शेजारच्या माणसाला ‘हात लावू का’ असे विचारावेसे वाटते, ती मध्यम. विचारावेसेही वाटत नाही ती लहान. न विचारताच दोघे जण येऊन मागचे कॅरिअर धरतात ती मोठी.

हे झाले माघारलक्षण. त्याची परीक्षा घेण्याचे उत्तम स्थळ म्हणजे हुबळीचे दुर्गदबैल, संध्याकाळी सातनंतर. तिथे गाडी नाक आत खुपसून लावावी लागते. अर्ध्या तासाने परत यावे तर डावीकडे तीन, उजवीकडे दोन, मागे एक भाजीची हातगाडी. अशा वेळी चाळीस पीएस आणि वीस पीएस यांतला भेद संपूर्ण मावळतो. उरतात फक्त वजन, सीटची उंची आणि चालकाच्या चपलेचा तळ.

या तिन्हींचे गणित मांडता येते. समजा धारवाडच्या एका गल्लीत वीस फुटांना एक फूट असा चढ आहे, गाडीचे तोंड उताराकडे आहे आणि ती मागे, म्हणजे चढावर घ्यायची आहे. क्लासिकचे वजन १९५ किलो. चाकांचे घर्षण सोडून दिले तर तिला ओढायला सुमारे पावणेदहा किलोंचा जोर लागेल. पण ७५ किलोंचा मालक वर बसून पायांनी ढकलत असेल तर एकूण वजन २७०, आणि जोर साडेतेरा किलोंचा. तोही पायांच्या चवड्यांवर, कारण सीट ८०५ मिलिमीटर उंच आणि मालक पाच फूट पाच इंच. म्हणजे खाली उतरून हँडल धरून ओढले तर पावणेचार किलोंचा जोर वाचतो. विज्ञान उतरा म्हणते. तरीही कोणी उतरत नाही. उतरून गाडी ओढणाऱ्याकडे लोक पंक्चर झालेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहतात. प्रतिष्ठेचे वजन पावणेचार किलो असते, हे या निबंधातील पहिले स्वतंत्र संशोधन म्हणून नोंदवावे.

पावसाळ्यात समीकरण बिघडते. धारवाडच्या झिमझिमीत रस्त्याच्या कडेला चिखल होतो आणि पाय रेटून गाडी मागे घ्यावी तर ती जागेवर राहून पायच पुढे सरकतो. हुबळीकडच्या काळ्या मातीत संकट निराळे: साइड स्टँड रुततो. जाणते लोक स्टँडखाली फरशीचा तुकडा किंवा चपटी केलेली बाटली ठेवतात. नवखे जेवून बाहेर येतात तेव्हा गाडी निजलेली असते.

जुन्या पिढीचा यावर एक मोठा आक्षेप आहे: ‘‘आमच्या यझदीला हे असलं काही लागत नव्हतं.’’ खरे आहे. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१पासून आधी जावा आणि मग यझदी या नावाने अडीचशे सीसीच्या गाड्या बाहेर पडत राहिल्या, त्या १९९६मध्ये कारखाना बंद पडेपर्यंत. आजच्या ३५०पेक्षा त्या कितीतरी हलक्या होत्या. ज्या दांड्याने किक मारायची तोच फिरवला की गिअरचा दांडा व्हायचा, इतका काटकसरी विचार त्यात होता. पण त्या काळी दुर्गदबैलला गाडी सरळ उभी करून मालक भिंतीला टेकून बोलत उभा राहू शके, हेही आक्षेपकांनी जमेस धरावे. त्यांच्या गाडीला माघारीचा प्रसंगच आला नाही.

आता प्रमाणविचार. घेणाऱ्याला ज्ञान होते कसे? नैयायिक चार प्रमाणे मानतात, भाट्ट मीमांसक सहा. आम्ही सहा घेतो, कारण कर्ज काढायचे आहे.

प्रत्यक्ष म्हणजे टेस्ट राइड; त्याचा विचार शेवटी. अनुमान पूर्वी सोपे होते: जिथे धूर तिथे यझदी. चार स्ट्रोकची इंजिने आली, धूर गेला आणि या भागातले अनुमानशास्त्र बसले. उपमान म्हणजे ‘अगदी बुलेटसारखा आवाज’. हे प्रमाण फक्त सायलेन्सर बदलणाऱ्या दुकानांत चालते. अर्थापत्तीचे पारंपरिक उदाहरण लठ्ठ देवदत्ताचे: दिवसा जेवत नाही, म्हणजे रात्री जेवत असला पाहिजे. त्याच न्यायाने, चाळीस पीएसची हिमालयन ४५० घेऊन जो गृहस्थ दिवसा उणकलच्या तळ्यापलीकडे दिसत नाही, तो रात्री लडाखला जात असला पाहिजे. अनुपलब्धी म्हणजे हवा तो रंग शोरूममध्ये नसणे. याइतके खात्रीचे ज्ञान दुसरे नाही.

राहिले शब्दप्रमाण, आप्तवाक्य. येथे आप्त एकच, मेकॅनिक. शोरूममधला मुलगा आप्त नव्हे. त्याचे टार्गेट असते. नातेवाईक आप्त म्हणवतात, पण त्यांचा एकच प्रश्न: अॅव्हरेज किती देते? गोकुळ रोडकडचा एक मेकॅनिक या प्रश्नावर हात पुसत म्हणाला, ‘‘किती देते ते विचारू नका री, किती मागते ते विचारा.’’ साडेतीनशे सीसीची गाडी लिटरला पस्तीसच्या आसपास जाते. हुबळी-धारवाड रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. हिशेब ज्याचा त्याने करावा. तो करून आजवर कोणी गाडी रद्द केल्याचे ऐकिवात नाही.

प्रत्येक शास्त्राला अधिकारी लागतो. या शास्त्राचे अधिकारी दोन. एक, विद्यानगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला विद्यार्थी, ज्याची ही पहिलीच गाडी. त्याच्यापाशी पाय आहेत, पैसे वडिलांचे आहेत. ड्यूक ३९० त्याला हवी असते. ती १६८ किलोंचीच, माघारीला सोपी. त्याची अडचण पुढे जाण्यात आहे, आणि तो या निबंधाचा विषय नाही.

खरा अधिकारी दुसरा. पंचेचाळिशीचा, बँकेतला किंवा शाळेतला, वीसेक वर्षे स्प्लेंडरवर काढलेला. मुले मोठी झाली, हप्ता परवडतो. स्प्लेंडर ११२ किलो, क्लासिक १९५. फरक ८३ किलोंचा, म्हणजे मागे एक भरल्या अंगाचा पाव्हणा कायमचा बसला, जो चढावरही उतरणार नाही. स्प्लेंडर त्याने इतकी वर्षे एका हाताने, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा धरून मागे घेतली. नवी गाडी पहिल्या दिवशी सिद्धारूढ मठासमोर पूजेला जाते. हार, कुंकू, चाकांखाली लिंबू. लिंबू चिरडायला पुढेच जायचे असते, तोवर सगळे शुभ. मग दोन्ही बाजूंना इतरांच्या गाड्या, समोर भिंत, मागे मेव्हणी मोबाइलवर शूटिंग करते आहे, आणि हा मागे घ्यायला पाय टेकतो. मध्यम गाडी कोणती, याचा निवाडा त्या क्षणी होतो. साक्षीदार घरचेच असतात.

एवढ्या विवेचनानंतर निर्णय द्यायलाच हवा. रोज दोन गावांत ये-जा आणि हुबळीच्या बाजारात गाडी लावणे असेल तर १८१ किलोंची, ७९० मिलिमीटर सीटची हंटर पुरे. चढावर घर आणि उंची बेताची असेल तर मिटिऑर ३५०. ती १९१ किलोंची आहे, पण सीट ७६५ मिलिमीटर, दोन्ही तळपाय जमिनीला लागतात आणि प्रतिष्ठेसह बसल्या बसल्या माघार घेता येते. यल्लापूरवरून अरबैल घाट उतरून कारवारला खरोखर जाणारा असेल तर त्याने ४० टक्के कर भरून स्पीड ४०० घ्यावी. नुसते जायचे जायचे म्हणणाऱ्याने क्लासिक घ्यावी. तिच्यावर बसून म्हणायला बरे वाटते.

आणि टेस्ट राइड. शोरूमवाले टेस्टची गाडी नेहमी रस्त्याकडे तोंड करून उभी ठेवतात. ती भिंतीकडे तोंड करून लावायला सांगा. इंजिन बंद ठेवा, पायात रोजचीच चप्पल असू द्या, आणि एकट्याने तिला बाहेर काढा. शोरूमचा मुलगा मदतीला धावला तर त्याला जागेवरच थांबवा. त्याने ‘हात लावू का साहेब’ एवढेच विचारले आणि तेवढ्यात गाडी तुमच्या पायांनी बाहेर आली असेल, तर बुकिंग करा. त्यानंतर पुढे चालवून बघायची असेल तर तीही बघा.