मुबारकची घाई करू नकोस

काय गो, गुढी उतरवलीस का? मग ये अशी गडग्यापाशी. त्या कडेच्या चिऱ्यावर टेकू नकोस, तो हलतो. पुण्याची माणसं इथे आली की पहिला महिनाभर गडग्यावर आपटतात, हा आमच्या आळीचा अनुभव आहे.

बोलायचं होतं ते असं, की सकाळी आळीच्या ग्रुपवर तुझा मेसेज बघितला. ‘ईद मुबारक’, मागे वाळवंट, एक उंट आणि सूपभर चंद्र. हेतू चांगलाच, त्याला कोण नाही म्हणतंय? पण अगो, आज एकोणतिसावा रोजा आहे. चंद्र दिसायचाय अजून. दिसला तर उद्या सोमवारी ईद, नाही दिसला तर तीस रोजे पुरे करायचे आणि ईद मंगळवारी. चंद्र दिसायच्या आधी मुबारक म्हणणं म्हणजे डोहाळजेवणातच पेढे वाटल्यासारखं. शेजारच्या आपा काही बोलणार नाहीत. त्यांनी तुला उलट फुलांचा गुच्छ पाठवला, तोही बघितला मी. त्यांची रीतच तशी आहे, चुकलेल्याला जास्त गोड बोलतात.

हो, मी आपा म्हणते. तू खालाजान म्हण, तुझ्या आईच्या वयाच्या आहेत.

तुझ्या त्या दुबईच्या मैत्रिणीने पाठवलं म्हणून तू पुढे ढकललंस ना? मला वाटलंच. तिथे आज ईद झाली. सौदीत, दुबईत काल रात्रीच चंद्र जाहीर झाला. आपल्या कोकणात हा घोळ दर वर्षाचा. निम्मी घरं आखाताच्या पैशावर उभी आहेत, म्हणजे मुलाची ईद एक दिवस आणि आईची दुसऱ्या दिवशी. आपांच्या थोरल्याने आज दुपारी दुबईहून व्हिडिओ कॉल केला होता. नवा कुडता दाखवला, बिर्याणीचं पातेलं दाखवलं. आणि इकडे ह्यांच्या तोंडात पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही! तर म्हणतात कशा, ‘दाखव, दाखव. उद्या मी दाखवीन, तेव्हा तू डबा खात असशील हापिसात.’

चंद्र दिसेल का म्हणतेस? दिसायला हरकत नाही. काल दुपारी साडेचारच्या सुमाराला अमावास्या संपली. म्हणजे आज दिवेलागणीपर्यंत सव्वीस तास झाले की. पश्चिमेला त्या फणसाच्या जरा डावीकडे बघ, कोर अगदी खाली असते आणि तासाभरात मावळतेही. आपल्या पंचांगात ‘चंद्रदर्शन’ छापलेलं असतं ना, तो हाच चाँद. फरक इतकाच, की आपलं गणितावर चालतं आणि त्यांना डोळ्यांनी दिसावा लागतो. म्हणून ईद कोणत्याही महिन्यात येवो, ती शुद्ध द्वितीया-तृतीयेला धरूनच येते. आमच्या सासूबाईंना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण पंचांग उघडून त्या आपांच्या सासूला आठ दिवस आधी सांगायच्या, ‘तुमची अमुक वारी होणार बघा.’ आणि त्या म्हणायच्या, ‘चाँद दिसू दे, मग बोलू.’ पुढल्या वर्षी पुन्हा तेच. दोघींपैकी एकीनेही हट्ट सोडला नाही.

आता गंमत ऐक. २०२१, २०२२ आणि २०२३, लागोपाठ तीन वर्षं अक्षय्य तृतीया आणि ईद एकाच दिवशी. १४ मे, ३ मे, २२ एप्रिल. इकडून आमरस जायचा, तिकडून शीरखुर्मा यायचा, आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची साखर तपासायला डॉक्टरीणबाई तिसऱ्या दिवशी हजर. मग २०२४ ला ईद एकदम चैत्रात कशी आली, हे तुझ्या नवऱ्याने मला विचारलं होतं, इंजिनियर असून. अरे बाबा, २०२३ ला अधिक श्रावण नव्हता का? आपण मधूनमधून महिना वाढवून घेतो आणि सण उन्हापावसाला बांधून ठेवतो. त्यांच्यात अधिक महिना नाही. बारा चांद्रमहिन्यांचं वर्ष, ३५४ दिवसांचं, फार तर ३५५. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१६ ला ईद ७ जुलैला होती. काय तो पाऊस! नवे कपडे घालून पोरं पागोळ्यांखालून पळत होती आणि शेवया वाळवायच्या राहिल्या म्हणून आपा हळहळत होत्या. पुढच्या वर्षी, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे २०२७ ची ईद फाल्गुनात जाईल, होळीच्याही आधी. आत्ता मात्र ती चैत्रगौरीच्या अंगावर येते. उद्या गौर बसवायची आहे माझ्याकडे, आणि उद्याच ईद झाली तर? होऊ दे. आंबेडाळ दोन वाट्या जास्त वाटायची.

तू म्हणशील, मावशी एवढ्या नियमाच्या गोष्टी सांगतात, मग शुभेच्छा द्यायच्या तरी की नाही? द्यायच्या की! पण आळीत झालेले घोटाळे तुला सांगून ठेवते, म्हणजे तुझी भर पडायला नको. वरच्या अंगाला राहतात त्या गृहस्थांनी एकदा रमजान ईदला बकऱ्याचं चित्र पाठवलं. बकऱ्याची ती बकरी ईद, दोन-सव्वादोन महिन्यांनी येते. हेही एक वेळ ठीक, हसून सोडून दिलं सगळ्यांनी. पण त्यांनीच पुढे मोहरमला ‘हॅपी मोहरम’ टाकलं, फुगे लावून. मोहरमची दहावी म्हणजे हजरत हुसेन करबलात शहीद झाले तो दिवस. त्याला कसलं हॅपी! आपांच्या यजमानांनी खाली लिहिलं, ‘धन्यवाद.’ एवढंच. ते वाचून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि दुसरं, हे बायकांचं म्हणून सांगते, जरा जवळ ये. रमजानात एखाद्या भाभी पाणी पिताना दिसल्या तर ‘आज रोजा नाही?’ असं विचारू नये. दर महिन्याच्या त्या दिवसांत बायकांना रोजा नसतो, राहिलेले नंतर भरून काढायचे असतात. भर अंगणात, चार माणसांत तू हे आपांच्या धाकट्या सुनेला विचारलंस परवा. तिने दात दुखतोय म्हणून सांगितलं. कुठला दात नि कुठलं काय. आता कळलं ना? झालं तर मग.

थांब, अजान होतेय. आता त्यांचं खजूर खाऊन रोजा सोडणं, नमाज, आणि मग पोरं धावणार गच्चीवर. तोवर ते तुझं पन्हं दे इकडे. वेलची जरा कमी पडली, पण कैरी चांगली उकडली आहेस.

...ऐकलंस? ओरडली पोरं! दिसला बहुतेक. थांब, अजून मुबारक नको. मशिदीतून जाहीर होऊ दे. त्यांच्यातही घाई केलेली खपत नाही. मागे एकदा मुंबईच्या हिलाल कमिटीचा निरोप यायला रात्रीचे दहा वाजले होते. तोवर आपा शेवयांचं पातेलं चुलीवर चढवू की नको, अशा उभ्या. चढवलं आणि चंद्र नाही निघाला, तर तीस लोकांच्या शेवया खाणार कोण? पहाटे पुन्हा सहरी करून रोजा धरायचा!

...झालं. ऐक, भोंग्यावर सांगतायत. उद्या ईद. आता म्हण! आता मनसोक्त म्हण. आपाऽऽ! ओ आपा, इकडे गडग्यावर या. ईद मुबारक! तुम्हाला पाडव्याच्या शुभेच्छा सकाळी दिल्या, आता ह्या घ्या. ही बघा आमची नवी शेजारीण, तिचं सकाळीच म्हणून झालंय, पण पुन्हा म्हणते.

काय म्हणाल्या ऐकलंस? ‘खैर मुबारक. सकाळचं जमा धरलं आणि आत्ताचं वेगळं.’ आहे की नाही माझी आपा! ‘खैर मुबारक’ हे उत्तर ध्यानात ठेव. तुला कोणी आधी मुबारक म्हटलं तर हे म्हणायचं. नाही आठवलं तर ‘तुम्हालाही’ म्हण, आपल्या मराठीत म्हण, इथल्या सगळ्यांना समजतं. उगीच सिनेमातल्या नवाबासारखं हात कपाळाला लावून वाकू नकोस. गेल्या वर्षी एका पाव्हण्याने तसं केलं, तेव्हा आपांच्या नातवाला हसू आवरेना.

आत्ता त्या आत गेल्या, कारण आजच्या रात्री त्यांच्याकडे कोणी झोपत नाही. खारका भिजत घातलेल्या असतात, त्या चिरायच्या. बदाम-पिस्ते सोलायचे. चारोळी, खोबऱ्याचे काप, शेवया तुपावर परतणं. मुली बांगड्या भरायला नि मेंदी काढायला बाजारात. चाँदरातीला आपली बाजारपेठ बघण्यासारखी असते, नवऱ्याला घेऊन जाऊन ये. आणि त्या गर्दीत एक हिशेब मुकाट्याने चाललेला असतो, फित्र्याचा. घरातल्या दर माणशी, अगदी तान्ह्या बाळाच्या नावाचंसुद्धा धान्य द्यायचं. घाटावर गहू धरतात, आपल्याकडे कोकणी मंडळी शाफई पंथाची आणि भात खाणारी, म्हणून माणशी अडीच किलोच्या आसपास तांदूळ. हे उद्याच्या नमाजाच्या आधी गरजवंताच्या घरी पोचलं पाहिजे. ईदच्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये म्हणून. आपांकडे माणसं अकरा, म्हणजे पोतंभर तांदूळ गेले आज दुपारी. गाडी कोणाच्या दारात थांबली ते मला दिसलं, पण ते मी सांगणार नाही. गप्पांनाही काही मर्यादा असते.

त्यांचा बँकेतला पुतण्या मात्र हिरमुसलाय. उद्या ३१ मार्च ना! वर्षअखेर. रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहारांच्या बँकांना उद्या काम चालू ठेवायला सांगितलंय. बिचारा नमाज पढून, वाटीभर शीरखुर्मा पिऊन, अत्तर लावून थेट काउंटरवर बसणार. उद्या तुला बँकेत काम असलं तर त्यालाच गाठ, आणि आधी मुबारक म्हण, मग पासबुक पुढे कर.

आता मुख्य गोष्ट. डब्याची. ह्या आळीत शुभेच्छा मोबाइलवरून पोचत नाहीत, डब्यातून पोचतात. दिवाळीला आपला फराळ जातो, ईदला त्यांचा शीरखुर्मा येतो, आणि डबा रिकामा परत करायचा नसतो. हे खातं किती जुनं आहे ते कोणाला माहीत नाही. एकदाच काय ते बुडालं, २०२१ ला. बकरी ईद २१ जुलैला झाली आणि २२ ला वाशिष्ठी नदी गावात शिरली. माझ्याकडचा त्यांचा डबा आणि त्यांच्याकडचा माझा पितळी डबा, दोन्ही गेले. चिखल उपसताना आपा दारात आल्या. मला वाटलं धीर द्यायला आल्या. तर म्हणाल्या, ‘तुझा डबा माझ्यावर राहिला.’ गावात गुडघाभर गाळ, भिंतीवर छातीपर्यंत पाण्याची रेघ, आणि ह्यांना डबा आठवतोय! त्या वर्षीच्या दिवाळीला नवा पितळी डबा घेऊन आल्या, आत ओल्या नारळाच्या वड्या. फराळ माझा जायचा होता, त्याच्या आधी ह्यांची परतफेड. मी रागावले. मग रडलेही. जाऊ दे.

तर तुझ्याकडे डबा येईल तेव्हा परत काय द्यायचं, हे आत्तापासून ठरव. विकतची मिठाई नको, त्यांच्याकडे उद्या तिचा ढीग असतो. दोन दिवस गोड खाऊन सगळ्यांची तोंडं मिटलेली असतात, तेव्हा ओल्या काजूची उसळ दे. सध्या काजू येतायत बाजारात, महाग आहेत, पण दे. किंवा आंबेडाळ, ती माझ्याकडे शिकायला ये.

आणखी एक. मी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या घरच्या बायकांना बोलावते. येतात, कुंकू नाही लावून घेत, गजरा घेतात, गौरीची आरास बघतात, नावं ठेवतात, ‘ह्या वर्षी कलिंगडाचं कमळ नीट नाही कापलंस.’ पण वेळ विचारून बोलवायचं. आपा ईदनंतर शव्वाल महिन्याचे सहा रोजे धरतात, काही जण लगेच दुसऱ्या दिवसापासून सुरू करतात. आपण दुपारी चारला पन्ह्याचा पेला पुढे करायचा आणि त्यांनी ओशाळायचं, हे बरं नव्हे. मी त्यांच्यासाठी दिवेलागणीनंतरची वेळ ठेवते. नाहीतर पन्हं बाटलीत भरून देते.

उद्याचं सांगते आणि तुला सोडते, कुकर लावायचाय. सकाळी जाऊ नकोस. पहाटेपासून न्हाणीघराला रांग, मग पुरुष माणसं काहीतरी गोड तोंडात टाकून ईदगाहवर, तिथून कबरस्तानात आपल्या गेलेल्या माणसांना भेटायला, मग बहिणीच्या घरी, सासुरवाडीला. बायका त्या वेळात स्वयंपाकघरात घामाघूम. दहा वाजता नटूनथटून दारात उभी राहिलीस तर त्यांची तारांबळ उडेल. चारनंतर जा. लेकीला ने, तिला ईदी मिळेल, कोरी करकरीत नोट. नको-नको म्हणून ओढाताण करू नकोस, घेऊ दे तिला. त्यांच्या नातवंडांच्या हातावर तूही काही ठेव. शीरखुर्मा एक वाटी पी, दुसरीला नाही म्हण, तिसरी तरी येईलच, ती प्यावी लागते.

आणि हे बघ, आपांच्या डब्याच्या झाकणावर त्यांच्या सासूचं नाव घातलेलं आहे, उर्दूत. घासून झाला की तो वेगळा ठेव, आपल्या डब्यांत मिसळू देऊ नकोस, आणि आठ दिवसांच्या आत भरून परत दे.