अर्धवेळ की पूर्णवेळ?
कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारात, जेथे पोलादाची अजस्र भेंडोळी लादलेले ट्रक बहुधा मागच्याच चाकांच्या बळावर बोरघाटाकडे मार्गस्थ होतात, तेथेच एका पिकअप-मालकाने ‘फोर-व्हील ड्राइव्ह अर्धवेळ घ्यावा की पूर्णवेळ’ हा यक्षप्रश्न चहाच्या टपरीवर दाखल केला. अर्धवेळ पद्धतीत पुढचा व मागचा एक्सल एकाच गतीला जखडले जात असल्याने कोरड्या डांबरावर वळताना यंत्रणेवर ताण येतो, म्हणून ती चिखलापुरतीच जोडावयाची. पूर्णवेळ पद्धतीत मधला डिफरन्शियल उभयतांत समेट घडवितो, पण त्याची दस्तुरी डिझेलच्या रूपाने वसूल होते. आमचा कौल अर्धवेळाला. कारण द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी तुंबलेल्या रांगेत चारही चाके पूर्णवेळ स्थिरच असतात, आणि त्या स्थैर्यासाठी जादा आकार भरण्याचे प्रयोजन आम्हांस दिसत नाही.