धरून चालू

तिरोड्याच्या आमच्या इंजिनिअर मित्राचं कुठलंही बोलणं ‘धरून चालू’नं सुरू होतं. “धरून चालू की थेंब गोल आहे.” कुठला थेंब, ते विचारायचं नाही. विचारलंत तर बसा.

थेंब असतो चुनखडीच्या स्लरीचा. कोळशातलं गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. तो धूर मनोऱ्यात खालून वर चढतो, वरून स्लरीचा फवारा पडतो, वायू थेंबात विरघळतो आणि शेवटी त्याचं जिप्सम होतं. हे सगळं हा गृहस्थ एक्सेलमध्ये घडवतो. ६६० मेगावॅटचे पाच संच गावाशेजारी धडधडत असतात आणि हा रात्री अकराला थेंबाचा व्यास पाव मिलिमीटरनं कमी करून “एक्क्याण्णव टक्के!” असं ओरडतो.

वहिनी एकदा म्हणाल्या, “म्हणजे पित्तावर इनो.”

“तसं नाही गं!” त्यानं भाच्याच्या लग्नपत्रिकेमागे हिशेब मांडला : एक टन वायूला दीड टनाहून जास्त चुनखडी, त्यातून पावणेतीन टनांच्या आसपास जिप्सम. अर्ध्या तासानं पेन थांबलं. “हं... इनोच.” तोवर वहिनींचा भात शिजला होता.

त्या लग्नात जिलेबीचा अंदाजही त्याच्याचकडे. “धरून चालू, माणशी अडीच.” गोंदियाचे व्याही पाचवरही थांबेनात, तेव्हा “नमुना प्रातिनिधिक नव्हता” एवढंच पुटपुटला.

पर्यावरण मंत्रालयानं डिसेंबर २०१५ मध्ये अशा मोठ्या संचांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडला घनमीटरमागे २०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, मुदत दोन वर्षांची. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य कोळसा वीजकेंद्रांना फवाऱ्याच्या या यंत्रणेतून सूटच. मला ती अजून पटलेली नाही. याच्या मॉडेलात पीएचपासून थेंबाच्या वेगापर्यंत सगळ्याला रकाना होता. मुदत पाळली जाईल, हे मात्र तो न लिहिताच धरून चालला होता. तरी रागावला नाही. सुटीच्या अटींत चिमणीच्या उंचीचा निकष दिसताच दुसऱ्या दिवशी नवी शीट उघडली : धूर कुठं उतरतो?

परवा चहाच्या टपरीवर तेच चाललं होतं. “धरून चालू की वारा एकाच दिशेनं, एकाच वेगानं वाहतो.”

शेजारच्या बाकावरचे शेतकरी बाबाजी कप खाली ठेवून सरसावले. “असा वारा कोठं भेटते, जी? मले धान उडवाचा हाये.”