चार तारांची घडणावळ

जळगावात वाढलेल्या माणसाला वस्तूची किंमत ठरवण्याची एक रीत आपोआप येते, आणि ती सराफ बाजारातून आलेली असते. आधी वजन, मग कस, मग आजचा भाव आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, घडणावळ. पहिल्या तिघांवर फारशी हुज्जत होत नाही. सगळी घासाघीस घडणावळीवर, कारण मोडीला गेलात की तीच बुडते, हे घराघरांतल्या आज्यांना पाठ असतं. सोन्याला ही रीत चोख लागू पडते. इलेक्ट्रिक बास गिटारला लावली की मात्र पंचाईत होते.

माझ्या धुळ्याच्या भाच्याला बास गिटार हवी होती. परवडणारी, म्हणजे वापरलेली चालेल अशी. मामा जळगावचा, तेव्हा त्याला पारख असणारच, असा धुळेकरांचा एक गोड समज आहे. तो खोडून काढण्याचं मला कधी कारण पडलं नाही. बहिणीच्या सासूबाईंनी मोबाइलवरचा फोटो लांब धरून पाहिला आणि विचारलं, "तारा चारच, नि पैसा इतला?" साध्या गिटारला सहा तारा असतात आणि ती निम्म्या पैशांत येते, तेव्हा त्यांचं गणित बरोबर होतं. फक्त तारांच्या नगावर भाव ठरत असता, तर संतूर घ्यायला शेत विकावं लागलं असतं.

खान्देशात बास कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वरातीपुढच्या गाडीवर रचलेले खोके रस्त्याकडेच्या घरांची भांडी हलवतात, तो बास. पण चार तारांवर बोटांनी वाजवलेला बास इकडे क्वचितच दिसतो. अहिराणी गाण्यांच्या छोट्या स्टुडिओत ते काम बहुतेकदा कीबोर्डच्या डाव्या हातावर भागतं. त्यामुळे झालंय असं, की या वाद्याचा बाजारच बसलेला नाही. केळीचा भाव रोज निघतो, सोन्याचा निघतो. बास गिटारचा भाव विकणाऱ्याला त्या आठवड्यात किती गरज आहे त्यावर असतो.

ऐकून ठरवावं, तर तेही सोपं नाही. सगळ्यात जाड तारेचा मोकळा सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. मोबाइलच्या स्पीकरमधून तो बाहेरच पडत नाही, आपल्याला त्याच्या वरची स्वरावली तेवढी ऐकू येते. दुकानातल्या लहान अ‍ॅम्प्लिफायरची गतही फार वेगळी नसते. त्यात दुकानातला मुलगा वाजवून दाखवतो ते गिटारचे चमकदार तुकडे. बासवाल्याला आयुष्यभर जे वाजवायचं असतं ते, म्हणजे एकच सूर वेळेवर, तो वाजवत नाही.

धुळ्याच्या देवपुरात एकाकडे अशी गिटार निघाली. कॉलेजच्या दिवसांत हौसेने घेतलेली, मग पुण्याला नोकरी, मग कपाटामागे उभी. मे महिना होता. आपल्याकडचा पारा ४५ अंशांना टेकतो, हवा कोरडी ठक्क होते आणि लाकूड आकसतं. पडद्यांची धातूची पट्टी मात्र आकसत नाही. परिणामी मानेच्या कडेवरून हात फिरवला की पडद्यांची टोकं तळव्याला ओरखडतात. विकणारा म्हणाला, "हात बसला की जाणवत नाही." कानशीने टोकं गोल करून घेता येतात, हे त्याला माहीत नव्हतं आणि भाव ठरेपर्यंत आम्हीही सांगितलं नाही.

खरी तपासणी मानेची. चार तारा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ताणाने ती मान अहोरात्र ओढत असतात. आतली लोखंडी सळई, ट्रस रॉड, तिला सावरून धरते. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबायची आणि मधली फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर मान ठीक. सळईचा पेच फिरतो का, हेही पाहावं; तो गंजून बसला असेल तर नमस्कार करून निघावं. मग बाराव्या पडद्याशी तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर जुळतो का ते बघायचं. मग चार तारा, वीस पडदे, अशा ऐंशी जागा एकेक करून वाजवायच्या. भाच्याने हे इतक्या निष्ठेने केलं की विकणाऱ्याच्या आईने मध्येच चहा आणला. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या-सहाव्या पडद्याशी एक सूर लवकर विझत होता. तो दोष महागड्या गिटारींतही सापडतो, पण हेही आम्ही मनातच ठेवलं.

बटण फिरवलं की खरखर, आणि मागे एक सलग गुणगुण. यासाठी मी मंडप-साऊंडवाल्यांकडच्या एका मेकॅनिकला गाठलं. त्याने मागचं झाकण उघडलं, आत तीन-चार सुटे भाग आणि थोडी वायर बघून तो निराश झाला. "इतकंच?" त्याने फवारा मारला, खरखर गेली. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, म्हणजे गिटार ठीक आहे, घरातल्या थ्री-पिनचं तिसरं भोक शोभेचं आहे, असं त्याचं निदान. मला हा माणूस तज्ज्ञ वाटतो. १९५१मध्ये ज्यांनी हे वाद्य प्रिसिजन बास नावाने बाजारात आणलं, ते कॅलिफोर्नियाचे लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे; त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे.

तेव्हा सराफी हिशेब इथे उलटा लावावा लागतो. वजन चार किलो भरलं तरी त्याने फक्त खांदा दुखतो. आतला माल किरकोळ. लाकूड हल्ली इंडोनेशिया-चीनच्या कारखान्यांत यंत्रावर इतकं नेमकं कापतात, की स्वस्तातल्या गिटारीचंही धड आणि मान नीट बसतात. काटकसर होते ती शेवटच्या हातकामात: पडदे घासणं, तारांची उंची लावणं. म्हणजे किंमत सगळी घडणावळीचीच, आणि ती इथे मागाहूनही करून घेता येते. म्हणून नावापेक्षा मान बघावी, आणि सांगितलेल्या भावातून या हातकामाचे पैसे वजा करावेत, असं माझं मत आहे. आम्ही ते केले. नऊ हजारांना सौदा झाला.

तारा जुन्या, मेलेल्या होत्या. नव्या संचाला हजार-दोन हजार पडतात, म्हणून भाच्याने बासवाल्यांची जुनी युक्ती केली आणि शेवभाजीच्या पातेल्यात त्या उकळल्या. बहिणीने पातेलं बदललं, तो खर्च आम्ही धरलेला नाही. मोटाऊनच्या असंख्य गाण्यांत बास वाजवणारे जेम्स जेमरसन तारा तुटेपर्यंत बदलत नसत आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरत, हे मी त्याला सांगितलं. पंचमदांकडचे टोनी वाझही सांगितले. त्याने दोन्ही नावं ऐकून घेतली आणि दोन बोटांनी सराव चालू ठेवला.

एकादशीला गल्लीतल्या भजनी मंडळाने त्याला बसवून घेतलं. भजन संपल्यावर पखवाजवाले काका धुमेवरची कणीक खरवडत म्हणाले, "सूर गोड आहे रे, पण आमच्या धुमेच्या आड येतो." मग त्यांनी किंमत विचारली. भाच्याने सांगितली.

"नऊ हजार?" काका म्हणाले. "अजून थोडे घातले असते तर पखवाज आला असता. आणि याला लाइट लागत नाही."